नवरीचा आगर, गूगलवर

दत्तात्रेय ठाकूर आणि मी रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं एकाच शिफ्टला होतो. शिफ्ट संपताना लॉगबुक तो लिहायचा. त्याचं अक्षर इतकं सुरेख, की पुढच्या शिफ्टचा माणूस काम राहू देऊन आधी ते पान वाचत बसायचा. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघेही रोह्याला लागूनच्या वरश्यालाच राहिलो. मी नातवंडांत रमलो, त्याने ब्लॉग काढला. नाव ठेवलं ‘बांधावरून’.

दत्ता मूळचा रोह्याचा नाही. धरमतर खाडीच्या काठावरचं शेलारखार हे त्याचं गाव. त्याचं लहानपण मिठागरांत गेलं. आम्ही कंपनीत डबा खाताना तो आगरांच्या गोष्टी सांगायचा. प्रत्येक आगराला नाव असे, फाल्गुनात मिठाच्या राशी चांदण्यासारख्या दिसत, बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून एकीमागे एक चालत. ते सगळं त्याला ब्लॉगवर आणायचं होतं. पण लिहायची त्याची रीत अशी, की वहीत शाईच्या पेनाने लिहायचं, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो फोटो ब्लॉगवर चढवायचा. दोन वर्षांत साठेक पोस्टी झाल्या. त्याला ठाऊक असलेले वाचणारे म्हणजे मी, त्याची सून किमया आणि डोंबिवलीचा एक मेहुणा.

त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटायला लागलं ते गेल्या डिसेंबरात, गिरजाबाईला भेटून आल्यावर.

गिरजाबाई त्याच्या गावची, वय ऐंशीच्या पुढे. मिठागरावर तिने पंचवीस हंगाम पाट्या वाहिल्या. दत्ता दिव्याला जाणाऱ्या रेल्वेने पेणला उतरून, पुढे मिनिडोर रिक्षा धरून तिला भेटायला गेला होता. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे उरलंय तेही हळूहळू जाणार, यंत्राचाही फार उपयोग नाही.

“दत्तू,” ती म्हणाली, “मना धोंडूचा आवाज आयकाचा हाय. कान हायत तवर. मंग काय उपेग?”

धोंडुबाई तिची पाट्यांची जोडीदारीण. दोघींनी ‘नवरीचा आगर’ नावाच्या मिठागरावर एकत्र काम केलं. पस्तीस वर्षांपूर्वी एका उधाणात तिथला बांध फुटला, आगर चिखलाने भरला आणि तो परत कधी उभा राहिला नाही. त्या वेळी गिरजाबाई माहेरी खांबला गेली होती. परत आली तेव्हा धोंडुबाईच्या नवऱ्याने बिऱ्हाड हलवलेलं. कुणी म्हणे भाईंदरच्या मिठागरांत गेले, कुणी म्हणे वसईला. त्यानंतर निरोप नाही की पत्ता नाही.

दत्ताने गावच्या लोकांना विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकलं. काही लागलं नाही. मग त्याने ब्लॉगवर दोघींची गोष्ट लिहिली. धोंडुबाईच्या घरातलं कुणीतरी कधीतरी गावाचं नाव शोधेल, ही आशा. त्याने स्वतः गूगलवर शोधून पाहिलं, तर त्याची पोस्ट कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही. तेव्हा तो किमयाकडे गेला. ती घरूनच एका कंपनीसाठी हेच काम करते, लोकांच्या वेबसाइटी गूगलवर वर आणायचं. मी त्या वेळी तिथेच चहा पीत होतो.

“बाबा, हा फोटो आहे,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर छान आहे, पण गूगलच्या यंत्राला ते नीट वाचता येत नाही. त्याच्या लेखी हे पान कोरं आहे.”

आयुष्यभर ज्या अक्षराला लोकांनी नावाजलं, ते कुणालातरी दिसतच नाही, हे पचायला दत्ताला थोडा वेळ लागला.

“आणि शीर्षक बघा. ‘आठवणींच्या वाटेवर.’ हे शोधणार कोण? धोंडुबाईंच्या घरात कोणता शब्द बोलला जात असेल?”

“नवरीचा आगर,” दत्ता लगेच म्हणाला. “धोंडुबाई दुसरं काय बोलणार?”

“मग तेच शीर्षक. आणि गोष्ट टाइप करा.”

टाइप करणं त्याला जमेना, म्हणून तो फोनसमोर बोलू लागला. फोन ‘आगर’ ऐकून दर वेळी ‘अगर’ लिही. नवरीचा अगर. दत्ता चिडून तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायचा, आणि फोन पुन्हा तेच लिहायचा. शेवटी चष्मा लावून एका बोटाने त्याने एकेक शब्द दुरुस्त केला. चार दिवस लागले. बोलता बोलता त्याला वहीत नसलेल्या गोष्टीही आठवत गेल्या. पाटीखालची भिजलेली चुंबळ, मिठाने चिरलेल्या टाचांना रात्री लावायचं तेल, दुपारी बांधावर फडक्यातून सोडलेली भाकरी आणि सुकी मासळी. त्या सगळ्या त्याने लिहिल्या. ती पोस्ट मी वाचली तेव्हा माझ्याही तोंडाला खारट चव आली.

मग किमयाने त्याला गूगलचं ते पान उघडून दिलं, जिथे आपल्या ब्लॉगची नोंद करता येते. सगळ्या पोस्टींची यादी तिने तिथे एकदाच जोडून दिली. नवीन पोस्टीचा पत्ता घालून ‘हे पान नोंदवा’ अशी विनंती कशी करायची, तेही दाखवलं. दत्ताने बटण दाबलं. तासाभराने पुन्हा दाबलं. संध्याकाळपर्यंत सात-आठ वेळा झालं, मग पानानेच आजचा कोटा संपला असं सांगितलं.

“बाबा, स्टँडवर हात जास्त वेळा दाखवला म्हणून एसटी लवकर येते का?” किमया हसली. “एकदा दाबा आणि सोडा.”

“गिरजाकाकीचे कान थांबणार नायत गो.”

ते ऐकून ती हसायची थांबली. तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि ब्लॉगचे आकडे बघायला लागली. साठातल्या एकोणसाठ पोस्टींवर कोणी फिरकत नव्हतं. एका पोस्टीवर मात्र रोज शेकडो लोक येत होते. ती होती पोपटीची, म्हणजे थंडीत मडक्यात भाजायच्या शेंगांची. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला किती घालायचा, वालाच्या शेंगा कशा भरायच्या, मडकं किती वेळ जाळात ठेवायचं, एवढंच. ती किमयानेच हौसेने टाइप करून टाकली होती. दत्ताला त्या पोस्टीची थोडी लाजच वाटायची. मिठागरांच्या इतिहासात खाण्याचं काय काम, असं त्याचं मत.

“जानेवारी आहे. सगळा जिल्हा पोपटी शोधतोय,” किमया म्हणाली. “गूगलचं यंत्र या पानावर रोज येत असणार. इथूनच त्याला आतली वाट दाखवायची.”

तिने दत्ताला पोपटीच्या पोस्टीत दोन ओळी वाढवायला लावल्या. ‘आमच्या खाडीकडे मिठागरावरच्या बायका हंगामात बांधावर पोपटी लावत. त्यातल्या दोघींची गोष्ट इथे वाचा.’ आणि ‘इथे’ वर नव्या पोस्टीचा दुवा. त्याच्या इतर जुन्या पोस्टींतही ज्या ज्या पानावर नवरीच्या आगराचं नाव होतं, त्या फोटोखाली तिने तसेच दुवे जोडले. पाचव्या सकाळी दत्ता चप्पल न घालता माझ्या दारात आला. फोनवर त्याने ‘नवरीचा आगर’ शोधलं होतं आणि पहिलंच नाव ‘बांधावरून’चं होतं.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. पोस्ट दिसत होती, पण धोंडुबाईकडचं कुणी येत नव्हतं. दत्ता कमी बोलायला लागला. गिरजाबाईच्या घरी फोन केला की तिची सून सांगे, आता जवळ जाऊन ओरडावं लागतं.

फेब्रुवारीत ब्लॉगवर पहिली प्रतिक्रिया आली. भूमिका नावाच्या मुलीने लिहिलं होतं, ‘काका, मी भाईंदरला राहते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मिठागरांची माहिती शोधत होते. माझी पणजी कायम नवरीचा आगर म्हणते. मागच्या वर्षी शोधलं तेव्हा काहीच मिळालं नव्हतं. तुमचं लिखाण तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, यात एक गोष्ट खोटी आहे. बांधावरून पुढे गिरजा नाही, मी चालायचे.’

दत्ताने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

त्या रविवारी सकाळी, भूमिकाशी फोनची वेळ ठरवून, आम्ही दोघं गिरजाबाईच्या ओटीवर होतो. दत्ताने फोन तिच्या उजव्या कानाला लावला. पलीकडून आवाज आला, म्हातारा पण दणदणीत.

“गिरजे! जिती हाईस व्हय गो?”

गिरजाबाईने डोळे मिटले. मग म्हणाली, “आवाज तुजाच हाय. कावळ्यासारका.”

“दत्तूला काय खोटं सांगतेस? पुढं मी चालायची!”

“नाय गो! तुजी पाटी डुगडुगायची, म्हून तुला माझ्या मागं ठेवायची!”

अर्धा तास भांडण चाललं. घरची सगळी माणसं जमली, शेजारच्या बायका आल्या. पदराने डोळे पुसत गिरजाबाई भांडत राहिली. फोन ठेवल्यावर तिने दत्ताच्या तोंडावरून हात फिरवला आणि सुनेला त्याच्यासाठी तांदळाची भाकरी टाकायला सांगितली.

दत्ताने पोस्ट बदलली नाही. खाली फक्त एक ओळ घातली, ‘पुढे कोण चालायचं याबद्दल दोन मतं आहेत.’

चैत्रात भूमिका पणजीला गाडीने घेऊन आली, आठ दिवस राहण्याच्या बोलीने. तोवर गिरजाबाईला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. दत्ताला त्याचीच चुटपुट लागली होती. म्हातारी एवढ्या लांबून येणार आणि दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसणार.

आम्ही पोचलो तेव्हा दोघी ओटीवर होत्या, मध्ये वाल सोलायचं सूप. धोंडुबाईने हात उंच केला, मूठ दोनदा उघडझाप केली आणि तळवा खाली फिरवला. गिरजाबाई खळखळून हसली आणि तिनेही बोटांनी काहीतरी उत्तर दिलं.

दत्ता ओटीच्या पायरीवरच थांबला.

“आगरात वारा असायचा,” तो हळूच मला म्हणाला. “या बांधावरचं त्या बांधावर ऐकू जायचं नाय. बायका हातानेच बोलायच्या. मी इसरूनच गेलो होतो.”

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

तो जरा वेळ बघत राहिला. “मुकादम आलाय, पाट्या उचला म्हणतायत,” तो म्हणाला, आणि चप्पल काढून त्यांच्याजवळ वाल सोलायला बसला.