पंपाच्या गुळण्या आणि नग्लाचं लग्न

एस्नाजवळ नाईलकाठच्या पंपघरात राबिहचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नदीचं पाणी आधी एका खोल हौदात यायचं. त्या हौदात उभा सोडलेला पंप ते उपसून उसाच्या पाटात टाकायचा. पंपाचं काय चाललंय हे राबिहला घरबसल्या कानांनी कळायचं. त्याची बायको सनिया म्हणायची, "मी कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही, त्या लोखंडानं नुसतं हूं केलं की लागलीच ऐकू येतं!"

लेकीच्या लग्नाला मात्र त्याने सुट्टी घेतली. पंपघरामागच्या मोकळ्या जागेतच मांडव होता. ढोल दणाणत होते. लाकडी मंचावर नग्ला आणि तिचा नवरा शाजली सजून बसले होते. राबिहने सरबत ओठांना लावलं आणि तो थबकला. पंप गुळण्या करत होता.

"झालं! निघाले सवतीकडे," सनिया हसली.

तो धावला. पाहुणी म्हणून आलेली इंजिनीयर माहिताबही उंच टाचांच्या चपला हातात घेऊन मागोमाग पळाली. हौदात पाणी गरगर फिरत होतं आणि मधोमध खोल भोवरा पडला होता.

"पाती झिजली असणार," राबिह म्हणाला.

"नाही काका. नदी उतरलीय. पंपाचं तोंड हवं तेवढं खोल बुडालेलं नाही, म्हणून पाण्याबरोबर वरची हवाही ओढतोय. असाच चालला तर पाती खरंच जातील."

"बंद करू?"

"आज शेवटच्या शेतांची पाळी आहे ना? मग व्हॉल्व्ह जरा आवळा, ओढ कमी होईल. आणि भोवऱ्यावर लाकडाचा तराफा सोडा. वरचं पाणी फिरायचं थांबलं की हवा आत जाणार नाही. पण एवढ्या फळ्या आत्ता कुठून आणायच्या?"

राबिहची नजर मंचाकडे गेली. आपल्याच लेकीला बसल्या जागेवरून उठवायचं कसं? पण ढोल थांबले होते, आणि मंचावरून सगळं ऐकणाऱ्या नग्लाने बापाचा चेहरा ओळखला.

"अब्बा, न्या की! माझी पाठ केव्हाची अवघडलीय."

"घ्या, सासरेबुवा!" असं म्हणत शाजलीने कोट काढला आणि पहिला खिळा त्यानेच उपटला.

पाहुण्यांनी फळ्या दोरांनी जखडल्या आणि तराफा हौदात सोडला. राबिहने व्हॉल्व्ह आवळला. भोवरा डगमगला, आक्रसला, विरला. पंपाचा आवाज हळूहळू एकसुरी झाला.

"वाजवा रे!" राबिह ओरडला.

बायकांनी जिभा नाचवत किलकाऱ्या दिल्या. नवरा-नवरीला पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसवलं, पण नग्ला कुठली बसते! तिने एका हाताने बापाला नाचायला ओढलं, दुसऱ्या हाताने माहिताबला. सनियाही झग्याचा घोळ सावरत आली आणि राबिहच्या कानाशी म्हणाली, "आता माझं ऐका. उजवा पाय आधी!"

आणि राबिहने डावा टाकला.