यादीतलं शेवटचं नाव

शेंगदाणे करपल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. सावेडीच्या फ्लॅटमध्ये मी दाणे भाजत होते आणि सून शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. कंपनीच्या माणसांना परदेशी पाठवायचं आणि परत आणायचं, हे तिचं काम. ही माणसं होती त्या देशात लढाई पेटली होती, विमानतळ कधीही बंद होणार होता आणि आधी कोणाला विमानात बसवायचं याची यादी ती करत होती. माझा मुलगाही त्याच कंपनीत, तिथंच अडकलेला. मी वाकून पाहिलं, तर त्याचं नाव सगळ्यांच्या खाली. मी म्हटलं, "सोताच्या नवऱ्याला शेवटी ठिवलंस व्हय गं?" ती मान वर न करता म्हणाली, "आई, पंगतीत घरच्यांनी शेवटी बसायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?" कढईत दाणे काळे झाले. बाकीचे सुटले, मग विमानतळ बंद झाला आणि माझा मुलगा तिथंच राहिला. तो नऊ दिवसांनी आला, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी पहिलं ताट त्याला वाढलं. पंगतीचा तो नियम त्यानंतर मी कोणाला शिकवलेला नाही.