भट्टीतला घाईचा वारा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या काकीचे. आरोंद्यात दारोदार मासे विकून तिने मला इंजिनिअर केलं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, त्यामुळे माझी नोकरी टिकणं ही सगळ्या वाडीची काळजी होती.

ती टिकेलसं दिसत नव्हतं. बर्नर बनवणाऱ्या आमच्या कंपनीने मला बांद्याजवळ मातीची भांडी भाजणाऱ्या एका कारखान्यात पाठवलं होतं. लाकडाची भट्टी काढून तिथे गॅसची बसवायची होती. दोन चाचण्या झाल्या. दोन्ही वेळा बर्नरसमोरच्या भिंतीजवळची भांडी तडकली आणि कडेची कच्ची राहिली. साहेब फोनवर शांतपणे म्हणाले, "तिसरी फसली तर तिथेच राहा. गाव जवळच आहे ना तुझं?"

मालकाच्या मते दोष बर्नरचा नव्हताच. देवाला गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं. म्हणून तिसऱ्या चाचणीआधी नारळ आला, गाऱ्हाणं घालणारे आजोबा आले, आणि बातमी लागताच काकीही आली.

"बा देवा म्हाराजा," आजोबांनी माझ्याकडे हात करून सुरुवात केली, "आमच्या ह्या झिलान दोन खेपेक मडकी फोडल्यान..."

"व्हय म्हाराजा." काकीचा आवाज सर्वांत मोठा.

"तो तेच्या शिक्षणाचो दोष नाय..."

इथे सगळे जरासे थांबून "व्हय म्हाराजा" म्हणाले.

मग आजोबांनी झेंडूची माळ थेट बर्नरच्या तोंडाला घातली. देवाची माळ काढायला मी धजलो नाही. गॅस सोडण्याआधी नुसता पंखा लावून भट्टीतली हवा बाहेर काढायची असते. तेवढ्यात ती आपसूक पडेल, असं वाटलं. पंखा लावला. माळ तुटली आणि फुलं सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. बाजूला पडलेल्या पाकळ्या मात्र जागच्या फारशा हलल्या नाहीत.

काकी बघत होती. "तुझो वारो घाईत आसा रे. मधल्या थांब्यार कोणाक घेणा नाय."

"घेवक व्हयो," मी म्हटलं. "आजूबाजूची गरम हवा ओढून घेतल्यान तर उष्णता सगळीकडे सारखी पोचतली."

"मगे तोंड कित्याक गोल ठेवलंस? माझ्या फुंकणीचा तोंड मी ठोकून चपटा केलंय. गोल होता तेव्हा एकच निखारो फुलायचो."

हे मी पुस्तकात शिकलो होतो. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून तोंड चपटं केलं की त्याची कड लांब होते. त्या लांब कडेने झोत भोवतालचा वायू जास्त ओढतो आणि त्यात लवकर मिसळतो. परीक्षेत यावर मला पूर्ण गुण मिळाले होते. भट्टीसमोर काही आठवलं नव्हतं.

चाचणी पुढे ढकलली, कंपनीकडून चपटं तोंड मागवलं. तिसऱ्या वेळी सगळी भांडी एकसारखी लाल निघाली. अहवालात मी लिहिलं, 'अभियंत्याच्या निरीक्षणानुसार'. साहेबांनी शाबासकी दिली, आणि त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. शेवटी हे पत्र पाठवलं:

"ती. काकीस,

फोनवर तू 'जेवलंस?' एवढंच विचारून ठेवून देतेस, म्हणून लिहितो. नोकरी कायम झाली. पण तू सांगितलेलं मी अहवालात माझं म्हणून लिहिलं होतं. आज साहेबांना दुरुस्ती पाठवली: 'तोंड चपटं करण्याची सूचना माझ्या काकीची.' त्यांनी तुझं शिक्षण विचारलंय. मी चौथी लिहिलं. कमीजास्त असेल तर कळव."