एक जोडी

रामकिसनला कुठल्याही खिडकीवर एकट्याने पाठवू नये, हे छबुबाईला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. रेशनच्या खिडकीवरून तो दुसऱ्याचंच कार्ड घेऊन आला होता, आणि वर भांडूनही आला होता. तरीही त्या रविवारी, वडवणीहून दोन दिवसांचा प्रवास करून आल्यावर, हिमाचलातल्या बर्फात ती धपाट्यांची पिशवी सांभाळत बाकावर बसली आणि तिकिटाला रामकिसन गेला. चूक तिचीच. हे ती दिवसभर स्वतःला सुनावत होती, आणि स्वतःला सुनावून झालं की त्याला.

लेक मंजुषा तिकडच्या एका दवाखान्यात नर्स होती. नोकरी लागून तीन वर्षं झाली तरी आईबापांनी तिची खोलीसुद्धा बघितली नव्हती, म्हणून तिने हट्टाने दोघांना बोलावून घेतलं. रविवारी सुट्टी होती, सोमवारी तिची ड्युटी आणि यांची परतीची गाडी. म्हणजे फिरायला हा एकच दिवस.

जागा छोटीशीच होती, शिकाऊ लोकांची. गावाकडच्या बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीएवढा उतार, त्यावर बर्फ. वर जायला सरकता रबरी पट्टा. कारखान्यात ऊस वर जातो तशी माणसं त्यावर उभी राहून वर जात होती. पायात जड बूट, बुटाखाली लांबलचक स्की, आणि मग वरून खाली घसरायचं. लेकरं होती, नवी लग्नं झालेली जोडपी होती, आणि छबुबाईहून जाड अशा चांगल्या वयाच्या बायाही होत्या. त्या बाया भर लोकांत धपाधप पडत होत्या. त्यांना कुणी बोलत नव्हतं. शिकवणारा मास्तर, चाळिशीचा गडी, उलट टाळ्या वाजवायचा. "पहले गिरना सीखो," असं तो प्रत्येकाला सांगत होता. कुशीवर पडा, हात पुढे टेकवू नका, गुडघे जवळ घ्या.

हे ऐकलं आणि छबुबाईच्या मनाने घेतलं. आपल्याला हे करायचंच.

चोवीस हंगाम तिने ऊस तोडला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची भाषा. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. दिवसभर दोघांनी तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकात चढायचं. त्या फळीवर पडायची सोय नव्हती. शेजारच्या खोपीतली बबिता एकदा पडली, ती पुन्हा धड उठलीच नाही. छबुबाई कधी पडली नाही. मंजुषाच्या वेळी सातवा महिना होता, तेव्हाही नाही. याचं कुणी कौतुक केलं नाही आणि तिनेही कधी त्याची वाट बघितली नाही. पण इथे खाली मऊ बर्फ होता, डोक्यावर काही नव्हतं, आणि मास्तर पडायला सांगत होता. तिला मनापासून पडावंसं वाटत होतं. अगदी लहान पोरीसारखं.

तेवढ्यात रामकिसन आला. हातात एक बिल्ला, काखेत एक बूटजोड, खांद्यावर एक स्कीची जोडी.

"येवढंच?" छबुबाईने विचारलं.

"एक जोडी म्हणलो की. बराबर सांगितलं. हिंदीत सांगितलं."

"एकच कावून?"

"आगं, आपुन जोडी न्हाई का? तू आन् मी."

मंजुषाने कपाळावर हात मारला. चोवीस वर्षं बायकोसकट एक कोयता म्हणून मोजला गेलेला माणूस. त्याने खिडकीत नवरा-बायकोची एक जोडी सांगितली आणि खिडकीतल्याने एका माणसाची एक जोडी काढून दिली. मंजुषा धावत खिडकीवर गेली आणि तशीच परत आली. तुकडी भरली होती. बारा ते एक हीच आजची शेवटची. शेवटी मास्तरच्या हातापाया पडून तिने ठरवून आणलं, की अर्धा तास आप्पांनी घसरायचं, अर्धा तास आईने.

"मी बघतो आदी, नीट हाय का," असं म्हणून रामकिसन बूट चढवायला बसलासुद्धा.

पट्ट्यावरून तो वर गेला. मास्तरने त्याला उताराच्या तोंडाशी उभं केलं, दोन शब्द सांगितले आणि तो दुसऱ्यांकडे वळला. रामकिसन तिथेच उभा राहिला. दहा मिनिटं झाली. चार वर्षांची एक पोरगी त्याच्या बगलेतून तीनदा खाली आली. रामकिसन जागचा हलेना.

"आवं, या की खाली!" छबुबाईने हाक दिली.

"येतो की! वारं पडू दे जरा!"

वारं कसलं न् काय. झाडाचं पान हलत नव्हतं. बारा वीस झाले, साडेबारा झाले. छबुबाईची अर्ध्या तासाची पाळी सुरू झाली आणि तिच्या पाळीचे बूट घालून रामकिसन वर सूर्याकडे बघत उभा होता. मंजुषाने हात हलवले, मास्तरने समजावलं, एका बाईने जाता जाता त्याला धीर दिला. त्याने सगळ्यांना मान हलवून होकार दिला आणि पाऊल काही उचललं नाही. रानात साप निघाला तर हाच माणूस पुढे व्हायचा. इथे त्याला काय झालं होतं देव जाणे. छबुबाईला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदा काही मागितलं, तेही कुणाला न बोलता मनातल्या मनात, आणि त्यातही हा माणूस आडवा येऊन उभा!

पावणेएकला ती उठली. बिल्ला नाही म्हणून पट्ट्यावरच्या माणसाने तिला अडवलं. तिने भाड्याच्या कोटाखाली साडीचा काचा मारला आणि बाजूने पायीच वर निघाली. गमबूट पोटरीपर्यंत रुतत होते. डोक्यावर मोळी नव्हती, तरी मान आपोआप ताठ झाली.

वर पोचल्यावर ती म्हणाली, "काडा."

"काय?"

"बूट काडा."

"आगं, आत्ताच निघालो व्हतो मी..."

"आर्ध्या तासापून निघायलेत तुमी! बसा खाली."

"तुला जमायचं न्हाई. लई तिरपं हाय. हाडं मोडून घेशील."

"खिडकीत एक जोडी म्हणलात ना? त्यात मी व्हते का न्हवते?"

"व्हतीस की. म्हणून तर तसं म्हणलो."

"मंग बसा खाली."

रामकिसन बसला. खरं तर बसायला मिळालं म्हणून त्याचा चेहरा जरा उजळलाच. छबुबाईने त्याच्या स्की सोडवल्या, बुटांच्या कड्या फटाफट सोडल्या. दोघांचा पाय एकाच मापाचा. उसाच्या पाचटातल्या सापांच्या भीतीने घेतलेला एकच बूटजोड दोघांनी कित्येक हंगाम आलटून पालटून वापरला होता. तिचे गमबूट त्याच्या पायात गेले, त्याचे बूट तिच्या. मास्तर "माताजी, माताजी" करत आला, पण तिचं तोंड बघून त्याने मुकाट्याने स्की बसवून दिल्या.

"आता काय करायचं मास्तर?" तिने विचारलं. तिचा मराठी प्रश्न त्याला कळला की नाही कोण जाणे. त्याने उताराकडे बोट दाखवलं.

ती निघाली. कानांत वारं भरलं, तोंडातून "आगं आई" निघालं आणि पाठोपाठ हसू फुटलं. वीस-पंचवीस हात ती उभ्याने, एकटी गेली. मग डावी स्की उजवीवर चढली आणि ती पडली. कुशीवर, हात न टेकवता, गुडघे जवळ घेऊन. बर्फ कोटाच्या गळ्यातून आत गेला. वर निळंशार आभाळ होतं. कुठेच काही दुखत नव्हतं, काही सांडलं नव्हतं, मागून कुणी मोळी घेऊन येत नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

रामकिसन मात्र धडपडत, दोनदा घसरत तिच्यापर्यंत पोचला. त्याचा श्वास फुलला होता, चेहरा पांढरा पडला होता.

"छबू! लागलं का गं? ऊठ, ऊठ. लोकं बघायलेत!" तिच्या काखेत हात घालून तो तिला ओढू लागला.

तिने त्याचा हात झटकला.

"उठवू नका मला."

"आगं पण पडलीस तू!"

"व्हय, पडले. चोवीस हंगाम पडले न्हाई मी. आता जरा पडू द्या की निवांत!"