रोज रिकामी येणारी बाटली

चौथीच्या वर्गावर मी तेव्हा फार जोरात होते. दारव्ह्यातल्या मिशनच्या प्राथमिक शाळेत पर्यावरणाचा तास माझ्याकडे होता आणि तो मी बायबलच्या पहिल्या पानांपासून सुरू करायची. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची राखण करायला, ओरबाडायला नाही, हे सांगताना माझा आवाज चढायचा. पोरं टाळ्या वाजवायची. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती, हे आता कबूल करते.

पावसाळ्यात प्रत्येक मुलाने कुंपणालगत एकेक कडुलिंब लावला होता. फेब्रुवारीत शाळेची बोअर आटली. प्यायचं पाणी मुलं घरून आणू लागली आणि रोपांनी माना टाकल्या. त्यातच ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला. आमच्या चर्चच्या मंडळीत या दिवसांत जो तो आवडीचं काहीतरी सोडतो. मी लहानपणी चहा सोडायची आणि दिवसभर तोंड पाडून बसायची. मला वाटलं, हे वर्गात आणावं. मी जाहीर केलं, "यंदा सगळ्यांनी काहीतरी सोडायचं, आपापल्या झाडासाठी. काय सोडलं ते कोणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. देवाला कळतं."

पहिल्या बाकावर गॅरेजवाल्याची मुलगी बसायची. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हात वर केल्याशिवाय तोंड न उघडणारी. त्या वर्षी रमजानही त्याच आठवड्यात लागला होता. तास संपला की सगळी पोरं बाटल्या तोंडाला लावायची, ही लावायची नाही. रोजा असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. विचारणं बरं दिसत नाही, हेही मीच ठरवलं. मधल्या सुट्टीत ती डबा खाते का, हे बघायला मी कधी वर्गात थांबले नाही. मी स्टाफरूममध्ये चहा पीत असायची. उलट एकदा मोठ्या समजूतदारपणाने वर्गाला म्हणाले, "तिच्यासमोर गटागटा पिऊ नका रे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली.

तिसऱ्या आठवड्यात, माझ्याच तासाला, उत्तर द्यायला ती उभी राहिली आणि बाकावर कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठांना भेगा. तिचे वडील दुरुस्तीला आलेली कोणाची तरी जीप घेऊनच धावत आले आणि आम्ही तिला यवतमाळला नेलं. वाटभर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन प्रार्थना करत होते. शब्द सुचत नव्हते, नुसतं "नको, नको" म्हणत होते.

दवाखान्यात मी तिच्या आईला म्हणाले, "एवढ्या लहान मुलीला रोजा कशाला ठेवू दिलात?"

आई म्हणाली, "रोजा? आम्ही तिले ठेवूच देत नाही, टीचर. लहान आहे अजून. डबा देतो, बाटली देतो. बाटली तं रोज रिकामीच येत होती. आम्हाले वाटलं, पोरगी पेते."

वडील भिंतीला टेकून उभे होते. हाताचं ऑइलसुद्धा पुसलेलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "तुम्हाले दिसत होतं ना टीचर, पेत नाही म्हणून? मंग काहून नाही विचारलं?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवस ती सलाईनवर होती. किडनीवर ताण आला आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि मला पाहून विचारलं, "टीचर, आज माह्या झाडाले कोणं पाणी देलं?"

"मी दिलं," मी खोटं बोलले.

परतताना जीपमध्ये मला स्वतःची किळस आली. ज्यांनी रात्रंदिवस बोअर उपसल्या, रस्त्याकाठची झाडं आडवी केली, त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याग शिकवायला मला नऊ वर्षांची पोरगी सापडली. आणि तिने मी सांगितलं ते अक्षरशः केलं होतं. शाळेत येऊन पाहिलं, तर कुंपणालगत सगळी रोपं वाळून काड्या झाली होती. एकट्या तिच्या कडुलिंबाला कोवळी पालवी होती.

ईस्टरनंतर ती शाळेत आली. आता दर तासाला घंटा झाली की मी आधी सगळ्यांना पाणी प्यायला लावते. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोरच उभी राहिले. ती मुकाट्याने प्यायली. तळाशी घोटभर उरलं तेव्हा तिने बाटली खाली घेतली आणि हात वर केला.

"टीचर, इतकंसं देऊ का त्याले?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. वर्षभर मी जे घसा फोडून शिकवलं होतं, ते सगळं तिच्या त्या वर केलेल्या हातात होतं.

"नाही," मी म्हणाले. "पिऊन टाक."

तिने पिऊन टाकलं. भांडी विसळलेलं पाणी मी काही दिवस घरून कॅनमध्ये नेऊन त्या झाडाला घातलं, पण आमचाही नळ आठवड्यातून एकदा येत होता. परीक्षेच्या आत तेही वाळलं. तिचा बाक खिडकीशी होता, तिथून ते रोज दिसायचं. तिने मला त्याबद्दल काहीच विचारलं नाही.