बारा अक्षरांचा निरोप

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तारवाले काका आतल्या रेडिओची नुसती शिट्टी ऐकून सांगायचे, "हा पीएसके. हा एफटी-आठ. आणि हा रडका आहे ना, तो ऑलिव्हिया." मी धावत जाऊन कॉम्प्युटरवर खात्री करायची. एकदा तरी चुकावेत ना! छे.

गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत अँटेनाची तार ताणलेली, म्हणून राऊ गावातल्या आमच्या गल्लीत ते तारवाले. सांवेर रोडच्या कारखान्यातून निवृत्त, घरी एकटे. मी नाशिकहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली, जातीची भोचक. हौशी रेडिओवरून अक्षरंच पाठवायची तर इतक्या तऱ्हा कशाला, असं विचारलं आणि अडकले. परवान्याची परीक्षासुद्धा देऊन बसले.

काका एकच मजकूर तिन्ही तऱ्हांनी कोचीच्या मित्राला पाठवायचे आणि किती अक्षरं शाबूत पोचली ते वहीत लिहायचे. पीएसकेवर मनसोक्त गप्पा. टाइप होईल तसं अक्षर समोर उमटायचं, पण हवा बिघडली की अर्धे शब्द गायब. ऑलिव्हिया रेंगाळायचा, पण खरखरीतूनही सगळं आणायचा. एफटी-आठ तर कानाला ऐकू येत नसतानाही पोचायचा, पण नेणार काय? नाव-गाव, सिग्नलचा आकडा, रामराम. स्वतःचं काही लिहायचं तर स्पेस धरून तेरा अक्षरं! काका वैतागायचे, "ही काय बात झाली भिया? घंटी वाजवायची आणि पळून जायचं!"

म्हणून कोचीवाला एकदम फक्त एफटी-आठवरच यायला लागला तेव्हा काका रुसले. "आकडे फेकतो माझ्या तोंडावर," म्हणत पंधरा दिवस त्यांनी उत्तरच दिलं नाही. मग त्याच्या मुलीचा फोन आला. बाबांचे हात फार थरथरतात, टाइप करणं जमत नाही, एक क्लिक तेवढी होते.

"मतलब गधा मीच," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला, न चुकता, एफटी-आठ. "उणे बारा! गडी मजेत आहे." आकडा हवेवर असतो काका, तब्येतीवर नाही, मी म्हणायची. "माहीत आहे बेटा. तू चहा पी."

गेल्या थंडीत काका हृदयविकाराने गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या रेडिओसमोर बसले. पडद्यावर कोचीवाला काकांना हाक मारत होता. पुन्हा पुन्हा तीच हाक. या माणसाला तेरा अक्षरांत कसं सांगायचं? मी इंग्रजीत लिहिलं, 'काका नो मोअर'. स्पेस धरून बारा झाली. पाठवताना मला स्वतःचीच चीड आली.

हाका थांबल्या. मग एक शिट्टी आली आणि पडद्याकडे न बघताच मला कळलं, पीएसके.

घाईघाईने प्रोग्राम बदलला. एक अक्षर यायचं, चुकायचं, खोडलं जायचं, पुन्हा यायचं. इंग्रजीतल्या तीन शब्दांना त्यांना पाच मिनिटं लागली. विचारत होते, ते एकटे होते का?

मला रडू कोसळलं. डोळे पुसून मी टाइप केलं, "नाही. हात माझ्या हातात होता."