हाफ क्लच

मिस्त्रींनी अण्णांच्या जुन्या स्पोर्ट्स कारची क्लच प्लेट माझ्या हातात दिली. झिजून पार गुळगुळीत झाली होती. "वडील सतत क्लचवर पाय ठेवून चालवायचे वाटतं," ते म्हणाले. खरंच. घरातही अण्णा हाफ क्लचवरच जगले. आम्हाला कधी पुरतं धरलं नाही, पुरतं सोडलंही नाही. आता वर्ष झालं त्यांना जाऊन.

"फ्लायव्हील हलकं टाकू? इंजिन पटकन उठेल. चाक जड असलं, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही थोडा वेळ फिरत राहतं."

"जडच टाका," मी म्हणाले.

नवी प्लेट बसवून गाडी घरी आणली. फाटकाशी उतरले, तर डावा पाय भरून आला होता. सबंध रस्ताभर मी तो क्लचवरून उचललाच नव्हता.